व्रत कशाने मोडते?

आषाढी एकादशीला वारकरी घरात भाताचे पातेले चुलीवर चढत नाही. आदल्या रात्री भिजत घातलेला साबुदाणा सकाळी मोकळा करायचा, त्यात दाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची घालायची, वर तूप-जिऱ्याची फोडणी. जोडीला वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. दुपारी राजगिऱ्याचा लाडू, संध्याकाळी रताळ्याचा कीस. घरात कोणाच्या आतड्याला कायमची सूज असेल, तर यातला निम्मा फराळ त्याला बाधतो. मिरची आणि तळणाने पोटात कळा येतात. आतडे एखाद्या जागी अरुंद झाले असेल, तर नीट न चावलेला शेंगदाणाही तिथे अडकू शकतो. अशा माणसाला दुखणे उसळलेले असताना सहज पेलतो तो गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण आणि वर चमचाभर तूप. नेमके तेच त्या दिवशी वर्ज्य.

त्याने भात खाल्ला तर त्याचे व्रत मोडले का?

प्रश्न एका ताटाचा वाटतो, पण त्याच्या पोटात आणखी प्रश्न आहेत. व्रत म्हणजे नेमके काय पाळायचे असते? शरीराला किती कष्ट दिले म्हणजे देव पावतो? आणि आजार ही कोणाची चूक असते का?

आतड्याच्या ज्या कायमच्या सुजेला डॉक्टर आयबीडी म्हणतात, तिच्यात मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, दिवसातून अनेकदा रक्तमिश्रित शौचाला जावे लागते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह 1932 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. दोन्ही आजारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. त्यात आनुवंशिकतेचा, आतड्यातल्या जिवाणूंचा आणि राहणीमानाचा वाटा असतो, पण एकच एक कारण सापडलेले नाही. आजार महिनोन्महिने शांत राहतो आणि अचानक उसळतो. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. मेसालामीन, स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि अलीकडची बायोलॉजिक इंजेक्शने त्याला आटोक्यात ठेवतात.

हे गोऱ्यांचे दुखणे आहे, असे पूर्वी मानले जाई. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात पन्नास हजारांवर लोकांची पाहणी करून 2003 मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा लाखामागे सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. इंग्लंडमधल्या लेस्टर परिसरात तर 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसले होते, की तिथे स्थायिक झालेल्या हिंदू आणि शीख कुटुंबांत या आजाराचे नवे रुग्ण स्थानिक गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात निघतात. आपल्याकडे निदानालाच वेळ लागतो. रक्त पडले की मूळव्याध म्हणायचे, जुलाब थांबेनात की संग्रहणी. क्रोन्सची लक्षणे तर आतड्याच्या क्षयाशी इतकी मिळतीजुळती असतात, की अनुभवी डॉक्टरही कधी कधी आधी क्षयाचे औषध देऊन पाहतात. तोवर रुग्ण वाळत जातो आणि घरात प्रत्येक जण त्याला विचारत राहतो: बाहेरचे काय खाल्लेस?

अशा माणसासाठी उपवास ही साधी गोष्ट राहत नाही. जुलाब चालू असताना निर्जळी केली तर शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात, मूत्रपिंडावर ताण येतो. काही आठवडे स्टेरॉइड चालू असतील, तर उपवासापायी गोळी अचानक बंद करणे धोक्याचे असते, कारण तोवर शरीराने स्वतःचे तसे संप्रेरक बनवणे कमी केलेले असते. मुळातच या रुग्णांना रक्तक्षय आणि कुपोषण गाठते. त्यात एकादश्या, संकष्ट्या, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस आणि चातुर्मासाचे नेम यांची बेरीज झाली, की वर्षातला मोठा काळ अर्धपोटी जातो.

शास्त्र यावर गप्प नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराच्या तोंडी व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची यादी आहे: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. यादीतली शेवटची वस्तू इथे मोलाची आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’च्या पाचव्या खंडात व्रतांची सविस्तर छाननी केली. ती वाचताना जाणवते, की धर्मनियमांचे संग्रह रचणाऱ्या निबंधकारांनी नियम जितक्या बारकाईने लिहिले तितक्याच बारकाईने सवलतीही लिहिल्या. एकादशीचा उपवास आठ वर्षांवरील आणि ऐंशीच्या आतल्या माणसांना सांगितला. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही त्याने एकभुक्त राहावे किंवा नक्त करावे, म्हणजे फक्त रात्री जेवावे. तेही जमत नसेल तर पती, पत्नी, पुत्र किंवा भाऊ यांनी त्याच्या वतीने व्रत करावे. प्रतिनिधी चालतो, हे सांगणारे शास्त्रकार भक्ताची फसवणूक शिकवत नव्हते. आजारी, म्हातारा, अशक्त माणूसही धर्माच्या अंगणातच राहावा, एवढीच त्यांची काळजी होती.

जैन परंपरेने ही काळजी व्रताच्या शब्दांतच गुंफली आहे. उपवासाचे पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, घेताना जे प्राकृत सूत्र म्हटले जाते, त्यात अपवाद आधीच उच्चारलेले असतात: विसरून खाल्ले गेले तर, नकळत तोंडात काही गेले तर, अधिक मोठ्या हितासाठी ज्येष्ठांनी सांगितले तर, आणि चित्ताची समाधी ढळेल असे दुखणे आले तर. म्हणजे तीव्र वेदनेत औषध घेणारा साधक व्रताच्या चौकटीबाहेर जातच नाही. त्याने व्रत घेतले तेच या अटींसह. कुराणाच्या दुसऱ्या सूरतमध्ये रमजानच्या रोज्यांचा आदेश आणि आजारी व प्रवासी माणसाची सवलत शेजारी-शेजारी आहेत. चुकलेले रोजे नंतर भरून काढावेत, आणि ज्याला ते कधीच झेपणार नाहीत त्याने एका गरिबाला जेवू घालावे. अन्न सोडण्याच्या जागी अन्न देणे आले, तरी उपासना तीच राहिली.

यावर एखादा निष्ठावंत म्हणेल, सवलत ही सवलतच. तप म्हणजे सोसणे. या आक्षेपाला गीतेनेच उत्तर दिले आहे. सहाव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. सतराव्या अध्यायात तो याहून पुढे जातो. जे शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून शरीरातल्या भूतसमुदायाला आणि आत वसणाऱ्या मलाही छळतात, त्यांचा निश्चय आसुरी समजावा, असे तो सांगतो. पंधराव्या अध्यायात तर तो स्वतःला प्राण्यांच्या देहातला वैश्वानर अग्नी म्हणवतो, चारही प्रकारचे अन्न पचवणारा. हे अध्याय एकत्र वाचले तर सुजलेल्या आतड्यावर मिरची आणि दाण्यांचा मारा करणे ही कोणाची सेवा ठरते, याचा विचार करावाच लागतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तही बटूच्या वेशातला शिव तप करणाऱ्या पार्वतीला हाच प्रश्न विचारतो: हे तप तुझ्या शरीराच्या ताकदीला धरून चालले आहे ना? कारण धर्माचे पहिले साधन शरीरच आहे.

सोसण्याला मोल येते ते निवडीमुळे. निरोगी माणूस एक दिवस भूक सोसतो तेव्हा समोरचे सुग्रास अन्न तो आपणहून बाजूला सारतो. आतड्याच्या रुग्णाची भूक आणि कळ त्याने निवडलेली नसते. मिसळ, भजी, लग्नातली पंगत त्याच्यापासून आधीच हिरावलेली असते. त्यावर आणखी उपासमार लादून त्यागात भर पडत नाही, वजन मात्र घटते.

एकादशीचा फराळही अनादि काळापासूनचा नाही. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि रताळे ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिके. आपल्याकडे ती पोर्तुगीज समुद्रमार्गे येऊ लागल्यानंतर रुजली. ज्ञानेश्वरांच्या काळात यातला एकही जिन्नस महाराष्ट्रात नव्हता. आज साबुदाण्याला उपवासात बिनतक्रार जागा आहे, ती कोणी ग्रंथातून काढून दिलेली नाही. घराघरातल्या बायकांनी नवे पदार्थ पारखून आत घेतले. पुरीला जगन्नाथाचा महाप्रसाद तर एकादशीलाही भातासकट ग्रहण केला जातो. परंपरा एवढी सैल होऊ शकते, तर एका रुग्णाच्या वाटीभर भाताला तिच्यात जागा नाही, असे म्हणणे अवघड आहे.

खरी अडचण पोथीत नाही, ती घरात आहे. वटपौर्णिमा आणि हरतालिका करणाऱ्या बाईला सूट सांगायची कोणी? व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी असते. ते सोडले आणि घरात काही वाईट घडले तर दोष आपल्यावर येईल, ही भीती मनात घट्ट बसलेली असते. मग ती रक्त पडत असतानाही पाण्याचा घोट घेत नाही. सासूबाई समजूतदार असतील तर त्याच म्हणतात, तुझ्या वाटचे मी करते. त्यांच्या या एका वाक्यात धर्मशास्त्रातला प्रतिनिधी आपसूक येतो. जिथे असे म्हणणारे कोणी नसते, तिथे आजार लपवला जातो.

लपवण्यामागे आणखी एक जुने ओझे आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग जडतो याची यादी आहे, आणि तिच्यात अन्न चोरणाऱ्याला अपचनाचा विकार होतो असे म्हटले आहे. पोटाच्या आजाराला पापाची खूण मानण्याची ही रीत अजून गेलेली नाही. मागल्या जन्मीचे भोग म्हणणारे आजही भेटतात. पण याच भूमीत दुसरे उत्तरही दिले गेले. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणसाला होणारे प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतूतला बदल, शरीराची नीट काळजी न घेणे, आघात अशी कारणे ते मोजतात आणि कर्म आठव्या क्रमांकावर ठेवतात. सगळा दोष कर्मावर टाकणारे लोक स्वतःला दिसणाऱ्या आणि जगाला मान्य असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असे त्यांचे म्हणणे.

आज कर्माची जागा कधी कधी आहारच घेतो. सात्त्विक खाल्ले असते तर हे झाले नसते, असे शिकलेली माणसेही सांगतात. मग एकामागून एक पदार्थ ताटातून काढले जातात: दूध, गहू, तूर, टोमॅटो, वांगे. काही रुग्णांना दुधातली साखर खरोखर पचत नाही, त्यांनी दूध टाळावे. मात्र हा नियम सगळ्यांना लावला तर उरते ती फक्त भीती. क्रोन्स बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतो आणि बी-12 जीवनसत्त्व शोषले जाते तेही तिथेच. शाकाहारी माणसाच्या ताटात ते जवळजवळ दुधातूनच येते. त्यात दूधदहीही बंद केले तर कमतरता दोन्ही बाजूंनी येते आणि ती इंजेक्शनाने भरून काढावी लागते. हळदीचेही तसेच. कुर्कुमिनने सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये फायदा झाल्याचे 2015च्या एका चाचणीत दिसले. पण तिथे 50 रुग्ण होते, मात्रा रोज 3 ग्रॅम कुर्कुमिनच्या कॅप्सूलची होती आणि मेसालामीन चालूच होते. कपभर हळदीच्या दुधाकडून तेवढी अपेक्षा ठेवून गोळ्या बंद करणाऱ्यांना ती श्रद्धा महागात पडते.

आहाराचा उपयोग आहे, आणि तो ठोस आहे. क्रोन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे नेहमीचे जेवण बंद करून केवळ पूर्ण पोषण देणारे द्रवरूप अन्न दिले, तर स्टेरॉइडशिवायही सूज उतरते. त्यासाठी लागणारा निर्धार कोणत्याही चातुर्मासाच्या नेमाइतकाच असतो. आजार उसळलेला असताना साली, बिया, कच्ची कोशिंबीर बाजूला ठेवून पेज, मेतकूट-भात, मुगाचे कढण, दुधी आणि लाल भोपळा साल काढून मऊ शिजवून घेणे, हे आपल्या स्वयंपाकघराला शिकवावे लागत नाही. आजार शांत झाला, की डाळी, भाज्या, फळे हळूहळू परत आणायची. आतडे अरुंद झालेल्या रुग्णाने मात्र आहारतज्ज्ञाला विचारूनच पुढे जायचे. चरकाने आहाराचा विचार करताना आठ बाबी मांडल्या. त्यांत पदार्थाचा स्वभाव, संस्कार, मात्रा, देश, काळ हे सारे आहे आणि शेवटची बाब आहे खाणारा माणूस. एकाचे पथ्य दुसऱ्याचे अपथ्य असू शकते, हे त्यांनी तिथे नोंदवूनच ठेवले.

म्हणून पथ्यालाच व्रत म्हणण्याचा मोह आवरायला हवा. ते ऐकायला गोड वाटते, रुग्णाला थोडे बळही मिळते. पण व्रत मोडले की पाप येते, आणि हा आजार पथ्य काटेकोर पाळूनही उसळतो. पथ्याचे व्रत केले तर प्रत्येक उसळीला रुग्ण स्वतःला पापी समजेल, आणि मनुस्मृतीतली ती यादी मागच्या दाराने परत आत येईल. त्यापेक्षा विदुराच्या यादीतले शेवटचे नाव अधिक उपयोगाचे आहे. गुरगुट्या भात हे त्या दिवशी त्या माणसाचे औषध आहे. औषध चुकले तर डॉक्टरांना सांगून दुरुस्त करता येते, त्यासाठी प्रायश्चित्त लागत नाही. आणि औषधाने व्रत मोडत नाही, हे तर सांगूनच ठेवलेले आहे. त्याने भात खावा, हरिपाठ म्हणावा, आणि त्याची एकादशी झाली असे घरच्यांनी मानावे.

प्रसादाचेही असेच. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या माणसाला कच्च्या दुधाचे पंचामृत किंवा न उकळलेले तीर्थ बाधू शकते. त्याने ते हातावर घेऊन कपाळाला लावले तर देवाचा अवमान होत नाही. पुढे उभे राहून आग्रह करणाऱ्यांनी हे समजून घ्यायचे आहे. वारीला निघणाऱ्या रुग्णाची चिंता तर आणखी वेगळी असते. पालखी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते आणि कळ आल्यावर मिनिटभराचीही सवड नसते. ‘निर्मल वारी’ उपक्रमातून पालखीमार्गावर फिरती शौचालये उभी राहू लागली, ती स्वच्छतेसाठी. आतड्याच्या रुग्णाला त्यांनीच पंढरीची वाट मोकळी केली. भक्तीची व्यवस्था करणाऱ्यांच्या कामात शौचालयाची रांगही येते, हे मान्य करायला आपण फार उशीर केला.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला उचलून मंचकावर निजवले. मग बुद्धांनी संघाला सांगितले, की माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे आणि रुग्णाचे गुणही सांगितले आहेत. शुश्रूषा करणाऱ्याला काय पथ्यकर आणि काय नाही हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मायेने सेवा करावी, मलमूत्र काढताना किळस करू नये. रुग्णाने पथ्य करावे, त्यातही प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, आणि आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, ते सेवा करणाऱ्याला खरे सांगावे.

यातले शेवटचे आपल्या घरांत सर्वात कठीण जाते. शौचाची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, या संस्कारापायी सुना, मुले, कॉलेजात जाणारी पोरे रक्त पडते हे महिनोन्महिने सांगत नाहीत. ते सांगितले जावे यासाठी ऐकणाऱ्यानेही तयार असायला हवे. चातुर्मास लागण्याआधी किंवा रमजानचा चंद्र दिसण्याआधी घरातल्या थोरांनी रुग्णाबरोबर डॉक्टरांकडे जावे, औषधाच्या वेळा आणि उपवासाचे दिवस समोर ठेवावेत, मेसालामीन दिवसातून एकदाच सहरीला किंवा इफ्तारला घेता येईल का ते विचारावे, आणि जे उपवास झेपणार नाहीत ते कोण करणार, की त्याऐवजी कोणाला जेवू घालायचे, हे घरीच ठरवावे. कीर्तनकार महाराजांनी एकादशीचे माहात्म्य सांगताना विदुराची ती यादीही सांगावी, मौलानांनी जुम्म्याच्या बयानात सवलतीची आयत समजावून द्यावी. ऐकणाऱ्यांत रक्त पडत असताना पाण्यावाचून बसलेली एखादी बाई नक्की असते, आणि तिला डॉक्टरांच्या शब्दाइतकीच त्यांच्या शब्दाची गरज असते.